रेडशर्टचे वर्ष घ्यावे का, आणि घेतले तर ते कसे घालवावे

दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या निवड चाचण्या आटोपल्या की संध्याकाळच्या सरावानंतर दोन-तीन पालक मैदानाच्या कडेला थांबलेले दिसतात. मुलगा अकरावा किंवा बारावा म्हणून संघात आलेला असतो, तो सामन्यात उतरेलच याची खात्री नसते आणि पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘सर, यंदा याला खेळवण्यापेक्षा वर्षभर नुसता सराव करू दिला, तर पुढे जास्त चांगला खेळेल का?’ त्यांच्यापैकी एखाद्याने अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल मोबाइलवर पाहिलेले असते आणि ‘रेडशर्ट’, म्हणजे संघात राहून वर्षभर सामन्यांविना फक्त सराव करणे, हा शब्दही ऐकलेला असतो. हे मार्गदर्शन अशा पालकांसाठी, त्यांच्या मुलामुलींसाठी आणि सोलापुरात माझ्यासारखे बास्केटबॉलचे संघ सांभाळणाऱ्यांसाठी लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. सामने न खेळल्यामुळे कोणीही सुधारत नाही. सामने नसल्यामुळे जो वेळ आणि जी ताकद शिल्लक राहते, ती ठरवून कामाला लावली तरच खेळाडू सुधारतो. आणि ती कामाला लावण्याची सोय आपल्या संघात नसेल, तर ते वर्ष घेऊ नये.

मूळ पद्धत काय आहे

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पहिल्या श्रेणीत वर्षानुवर्षे चालत आलेला नियम असा की, विद्यार्थ्याने महाविद्यालयात पूर्णवेळ प्रवेश घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत त्याला चार हंगाम खेळता येतात. पाच वर्षे आणि चार हंगाम यांत जे एक वर्ष मोकळे उरते, ते रेडशर्टचे वर्ष. त्या वर्षी खेळाडू संघाबरोबर सराव करतो, व्यायामशाळेत जातो, वर्गात बसतो, शिष्यवृत्ती असेल तर तीही घेतो, पण अधिकृत सामन्यात उतरत नाही. शब्दाचा उगम नेब्रास्का विद्यापीठात सांगितला जातो : १९३७ साली वॉरेन आल्फसन नावाच्या अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूने एक वर्ष न खेळता फक्त सराव करू देण्याची विनंती केली आणि सरावात तो क्रमांक नसलेला लाल सदरा घालत असे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये २०१८ पासून खेळाडूला चार सामने खेळूनही ते वर्ष राखता येऊ लागले. बास्केटबॉलमध्ये मात्र एका सामन्यात काही सेकंद उतरले तरी नेहमीच्या नियमाप्रमाणे तो हंगाम वापरला गेला असे धरले जाते. याला अपवाद दुखापतीचा आहे. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात दुखापत झाली, तोपर्यंत संघाच्या हंगामभरातील एकूण सामन्यांपैकी तीस टक्क्यांहून अधिक सामने खेळाडू खेळलेला नसला आणि दुखापतीमुळे उरलेला हंगाम बुडाला, तर तो हंगाम परत मिळावा म्हणून अर्ज करता येतो.

या व्यवहारात पहिले वर्ष देऊन पाचवे वर्ष विकत घेतले जाते. अठराव्या वर्षी, अंग भरलेले नसताना, बाकावरून उठून सामन्यामागे तीन-चार मिनिटे खेळायचे, त्याऐवजी बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी सामन्यामागे तीस मिनिटे खेळायची. यात संघाचा फायदा उघड आहे. खेळाडूचा फायदा मात्र दोन गोष्टींवर अवलंबून राहतो : पाचव्या वर्षी तो त्याच संघात असेल का, आणि मधल्या काळात त्याच्यावर खरोखर काम होईल का. अलीकडे तिथे खेळाडूंना महाविद्यालय बदलणे पुष्कळ सोपे झाले आहे, त्यामुळे आपण वर्षभर घडवलेला मुलगा पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या संघात दिसेल या धास्तीने प्रशिक्षक रेडशर्ट देताना कचरतात. पाचही वर्षे सरळ खेळू द्यावीत असा आग्रहही तिथे वाढला आहे, आणि तसे झाले तर या पद्धतीचा पायाच उरणार नाही. म्हणून आपण नियमाच्या मागे न लागता त्यामागचा विचार तेवढा घ्यावा.

उदाहरणे वाचताना काय लक्षात घ्यावे

व्हर्जिनिया विद्यापीठाचा डीआंद्रे हंटर २०१६-१७ मध्ये रेडशर्ट होता. पुढे ८ एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात त्याने टेक्सास टेकविरुद्ध २७ गुण केले, शेवटच्या काही सेकंदांत तीन गुणांची बास्केट करून सामना बरोबरीत आणला, आणि जादा वेळेत त्याचा संघ ८५-७७ असा जिंकला. त्याच वर्षी एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगने केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत तो चौथा होता. गोंझागा विद्यापीठाचा केली ओलिनिक याचे उदाहरण मला अधिक शिकवणारे वाटते, कारण त्याने हे वर्ष प्रवेश घेतल्याबरोबर न घेता दोन हंगाम खेळून झाल्यावर, आपल्याला काय येत नाही हे कळल्यानंतर, घेतले. २०१०-११ मध्ये त्याची सरासरी सामन्यामागे ५.८ गुण होती, २०११-१२ मध्ये तो बाहेर बसला आणि २०१२-१३ मध्ये त्याची सरासरी १७.८ झाली. ड्वेन वेडला मार्केट विद्यापीठात २०००-०१ मध्ये शैक्षणिक पात्रतेच्या अटीमुळे बसावे लागले होते. २००३ मध्ये त्याने तो संघ देशातील शेवटच्या चार संघांत नेला. माल्कम ब्रॉग्डन पायाच्या दुखापतीमुळे २०१२-१३ च्या हंगामाला मुकला आणि २०१७ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

ही नावे वाचून पालकांचे डोळे चमकतात, आणि इथेच घोडे पेंड खाते. यशस्वी झालेले चौघे आपल्याला आठवतात, कारण ते दूरचित्रवाणीवर दिसले. वर्षभर बसून, पुढेही संधी न मिळून खेळ सोडलेल्यांची यादी कोणी करत नाही. शिवाय ज्याला बसवले जाते तो बहुतेक वेळा मुळातच कमी तयार असलेला असतो आणि जो लगेच खेळतो तो मुळातच पुढे असतो, त्यामुळे दोघांच्या पुढच्या वाटचालीची तुलना करून ‘बसल्यामुळे हे झाले’ असे म्हणता येत नाही. हंटर ज्या निवडीत चौथा आला, त्याच निवडीत पहिला आलेला झायन विल्यम्सन ड्यूक विद्यापीठाकडून पहिल्याच वर्षी खेळला होता आणि एकच हंगाम खेळून बाहेर पडला होता. अठराव्या वर्षीच जो तयार आहे, त्याला थांबवण्यात त्याचे काहीही हित नाही.

आणखी एक जुनी गोष्ट मी प्रशिक्षकांना आवर्जून सांगतो. १९७२ पूर्वी अमेरिकेतील मोठ्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळताच येत नसे. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने प्रसिद्ध झालेला ल्यू अल्सिंडर १९६५-६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या फक्त नवागतांच्या संघातून खेळला आणि नंतरची तिन्ही वर्षे मुख्य संघासह विजेता झाला. मात्र त्या नवागतांच्या संघाला स्वतःचे सामने होते, स्वतःचा प्रशिक्षक होता, आणि त्या मुलांनी हंगामाच्या तोंडावर आपल्याच मुख्य संघाला हरवले होते. मुख्य संघापासून दूर ठेवणे आणि खेळापासून दूर ठेवणे यांत केवढा फरक आहे, हे यावरून कळते.

सोलापूरचा हिशेब

आपल्याकडे रेडशर्ट नावाचा नियम नाही, म्हणजे राखून ठेवण्यासारखा हंगामही नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील खेळाडू आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतो, तिथून विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, आणि राज्यातील विद्यापीठांचा अश्वमेध महोत्सव वेगळा असतो. आपल्या खेळाडूला मर्यादा पडते ती तीन ठिकाणी : पदवीची वर्षे, स्पर्धेची वयोमर्यादा आणि प्रमाणपत्रे. पदवी तीन वर्षांची धरली तर एक वर्ष बसणे म्हणजे तिसरा हिस्सा सोडणे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी घेणार असाल किंवा पुढे पदव्युत्तर शिक्षण इथेच करणार असाल, तर हा हिशेब सैल होतो आणि बसण्याचा विचार करता येतो. बी.कॉम. होताच चादरीच्या कारखान्यात किंवा घरच्या दुकानात बसायचे ठरले असेल, तर मिळेल ते प्रत्येक वर्ष खेळावे असाच माझा सल्ला राहील.

प्रमाणपत्राची बाब पालकांनी हलकी समजू नये. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि ते स्पर्धेतील कामगिरीवर मिळते, सरावावर मिळत नाही. ज्या वर्षी आपला संघ जिंकण्याच्या बेतात आहे, त्या वर्षी बाहेर बसलेल्याच्या पदरात काहीच पडत नाही. कोणत्या स्पर्धेतील कोणते स्थान धरले जाते, हे शासन निर्णय वाचून आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून आधी नक्की करावे. वयोमर्यादेबद्दल विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे चौकशी करून जन्मतारखेसह लिहून ठेवावे. या दोन चौकश्यांना एक दुपार लागते, पण त्या न करता घेतलेल्या निर्णयाचा मनस्ताप मी दोन घरांत पाहिला आहे.

नियम नसल्याचा एक मोठा फायदाही आहे. इथे एखादा सामना खेळल्याने काहीही जळून जात नाही. अमेरिकन प्रशिक्षकाला रेडशर्ट खेळाडू शेवटच्या मिनिटालाही उतरवता येत नाही. आपल्याला त्याला स्थानिक मैत्रीपूर्ण सामन्यात, तीन-तीनच्या स्पर्धेत, रविवारच्या सरावसामन्यात बिनदिक्कत खेळवता येते. म्हणून सोलापुरातील रेडशर्ट वर्ष म्हणजे ‘महत्त्वाच्या स्पर्धेतून बाहेर, बाकी सगळ्यात आत’ असे असावे. परक्याचा नियम उसना घेऊन आपण आपल्याच मुलाचे हात बांधण्याचे कारण नाही.

कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये

उंची झपाट्याने वाढलेली पण वजन मागे राहिलेली मुले या वर्षासाठी सर्वांत योग्य. सहा फुटांच्या वर गेलेला, साठ किलोच्या आसपास असलेला, रिंगखाली खांद्याने ढकलला गेला की बाहेर फेकला जाणारा मुलगा प्रत्येक निवड चाचणीत दिसतो. त्यानंतर येतात जागा बदलणारे खेळाडू : शाळेत सर्वांत उंच म्हणून रिंगखाली खेळलेला मुलगा महाविद्यालयात मध्यम उंचीचा ठरतो, आता त्याला बाहेरून चेंडू खेळवायला आणि दुरून नेम धरायला शिकायचे असते, आणि हे काम सामन्यांच्या धबडग्यात होत नाही. दुसऱ्या खेळातून उशिरा आलेली मुलेही यात येतात. आपल्याकडे कबड्डी आणि ॲथलेटिक्समधून चांगली मुले-मुली येतात आणि त्यांना चेंडू हाताळण्याची मूळ सवय लावायला वर्ष हवेच असते.

ज्याला सामन्यामागे दहा-बारा मिनिटे खात्रीने मिळणार आहेत, त्याने बसू नये. प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना पास कधी सोडायचा याचा निर्णय एकट्याने शंकूंभोवती चेंडू आपटून येत नाही. ज्याचा आत्मविश्वास खेळण्यावरच टिकलेला आहे त्यानेही बसू नये. आणि प्रशिक्षकाला नको आहे म्हणून ज्याला ‘यंदा बस’ सांगितले जात आहे, त्याने हा शब्द गोड मानून घेऊ नये. त्याने सरळ विचारावे, ‘सर, पुढच्या वर्षी मी कोणत्या जागेवर, कोणाच्या जागी खेळेन?’ या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते रेडशर्ट नव्हे.

मुलींबाबत एक गोष्ट वेगळी लिहितो. आपल्याकडे मुलींच्या संघात बहुतेक वेळा आठ-नऊच खेळाडू असतात आणि घरून खेळायला मिळणारी वर्षे मुलांपेक्षा कमी असतात. म्हणून दुखापत सोडली तर मुलीला पूर्ण वर्ष बसवण्याच्या मी विरोधात आहे. तिला खेळवावे, आणि खाली दिलेला शक्तीचा व कौशल्याचा कार्यक्रम खेळण्याबरोबरच थोडा कमी मात्रेत द्यावा.

वर्ष कसे घालवावे

पहिल्याच आठवड्यात खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक यांनी एकत्र बसून एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : आज काय येत नाही, वर्षअखेर काय आले पाहिजे, ते कसे मोजणार, आणि सरावात किती मिनिटे मुख्य संघाविरुद्ध खेळायला मिळतील. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. अमेरिकेत रेडशर्ट खेळाडूला बहुधा पुढच्या प्रतिस्पर्ध्याची भूमिका करणाऱ्या सरावसंघात घालतात, त्यामुळे तो रोज आपल्या महाविद्यालयाच्या सर्वोत्तम पाच जणांसमोर उभा राहतो, आणि खरा फायदा तिथे होतो. आपल्याकडे याच्या उलट घडताना मी पाहिले आहे. एका महाविद्यालयाच्या संघात एका उंच मुलाला वर्षभर ‘तयार करतो’ म्हणून ठेवले होते. पाच-पाचचा सराव सुरू झाला की तो गुणफलकाजवळ बसायचा, बाटल्या भरायचा, बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचा. फेब्रुवारीत मी त्याला भेटलो तेव्हा त्याचे वजन दोन किलो उतरले होते, आणि पुढच्या जूनमध्ये तो मैदानावर आलाच नाही. त्या मुलाची आठवण झाली की मला आजही वाईट वाटते, म्हणून सांगतो : आठवड्यात किमान तीन दिवस, दर दिवशी वीस मिनिटे, मुख्य संघाविरुद्ध खेळ. हे लिहून मिळत नसेल तर वर्ष घेऊ नका.

आता शरीर. आठवड्यातून तीन दिवस व्यायामशाळा, मध्ये एकेक दिवस विश्रांती. स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप, खांद्यावरून वजन वर ढकलणे आणि एका पायावरचे व्यायाम, एवढे पुरे. पहिले चार आठवडे फक्त पद्धत शिकावी, वजन वाढवू नये. नंतर दर एक-दोन आठवड्यांनी अडीच किलोपर्यंत वाढवावे. आपल्याकडची बरीच मैदाने सिमेंटची आहेत, म्हणून रोज उड्या मारून गुडघे झिजवण्यापेक्षा उडी मारून खाली येताना गुडघे आत न वळता पायांच्या रेषेत राहतात का, हे आधी पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते. त्या दोन महिन्यांत मैदानावरचा सराव सकाळी पावणेसहाला सुरू करून साडेसातला संपवावा, संध्याकाळी सूर्य मावळल्यानंतरच चेंडू हातात घ्यावा, आणि सरावाआधी व नंतर मीठ घातलेले ताक किंवा लिंबूसरबत प्यावे.

वजन वाढवायचे तर आहार हिशेबाने घ्यावा लागतो. शक्तीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे सत्तर किलोच्या मुलाला सुमारे ११० ग्रॅम. ती महागड्या डब्यांशिवाय मिळतात. चार अंड्यांतून २४, अर्धा लिटर दुधातून १६, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा मटकीच्या उसळीतून १४-१५, तीन ज्वारीच्या भाकरींतून १७-१८ आणि पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून २५ ग्रॅमच्या आसपास. अंडी न खाणाऱ्याने दूध, पनीर आणि वड्या वाढवाव्यात. आपल्या घरात शेंगाची चटणी रोज असते, ती चिमूटभर न घेता वाटीने घ्यावी. आठवड्याला पाव किलो वाढले तरी गती चांगली आहे. महिन्यात चार किलो वाढवून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

कौशल्यात एका वर्षी दोनच गोष्टी घ्याव्यात. माझ्याकडे सहा फूट दोन इंच उंचीचा, ६१ किलो वजनाचा एक मुलगा होता. रिंगवरून परतलेला चेंडू तो सगळ्यांच्या वर हात नेऊन सुरेख पकडायचा आणि खाली उतरताच सवयीने कमरेपर्यंत आणायचा, की पाच फूट सहा इंचाचा कोणीतरी गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा खेळाडू, खालून हात घालून तो काढून न्यायचा. सामन्यांच्या दिवसांत मी बाकावरून ‘वर धर, वर धर’ एवढेच ओरडू शकत होतो. ज्या वर्षी त्याला स्पर्धेबाहेर ठेवले, त्या वर्षी आम्ही सहा आठवडे हीच एक गोष्ट घेतली. तो चेंडू पकडायचा, हनुवटीखाली आणून दोन्ही कोपरे बाहेर काढायचा, उजव्या पायावर फिरायचा, मगच पास द्यायचा. आणि मी दोन लहान मुलांना त्याच्या दोन्ही बाजूंना उभे करून, चेंडू छातीच्या खाली, कमरेकडे गेला की ओढा, असे सांगितले होते. पहिल्या दिवशी पन्नासपैकी एकोणीस चेंडू त्याने गमावले. भिंतीवर खडूने आकडे लिहीत गेलो. पाचव्या आठवड्यात एके दिवशी तीनच गेले, आणि त्या दिवशी तो घरी जाताना भिंतीवरचे जुने आकडे बोटाने एकेक करून वाचत होता. अशी दुरुस्ती सामन्यांच्या हंगामात होत नाही, कारण सामन्यात माणूस दडपणाखाली जुन्या सवयीकडेच जातो आणि प्रत्येक सामना ती सवय आणखी घट्ट करतो. मोकळ्या वर्षाचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे दिसतो.

नेमबाजीचा सराव मारलेल्या चेंडूंनी मोजू नये, आत गेलेल्या चेंडूंनी मोजावा. दिवसाला २०० आत गेले पाहिजेत, त्यांतले निम्मे धावत येऊन पास घेऊन मारलेले असावेत, आणि मुक्त फेक नेहमी दमल्यावर, दोन-दोनच्या गटात घ्यावी, कारण सामन्यात ती तशीच येते. तीन गुणांची रेषा मैदानावर पुसट झाली असेल तर रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटर फीत लावून स्वतः आखून घ्यावी. पंधरा-वीस सेंटिमीटर आतून वर्षभर मारलेल्या चेंडूंचे आकडे बाहेरगावच्या स्पर्धेत खोटे ठरतात.

सामन्याच्या दिवशी त्याने बाकावर वही घेऊन बसावे. आपल्या जागेवर खेळणाऱ्या दोन्ही संघांतील एकेका खेळाडूवरच लक्ष ठेवावे आणि चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो हे लिहावे. प्रशिक्षकाने मध्यंतरात त्याला एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर बरोबर असेल तर संघासमोर त्याचे ऐकावे. वर्षभर न खेळणाऱ्या मुलाला आपण संघात आहोत असे वाटण्यासाठी याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

विश्रांतीही आखावी. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत निम्मा संघ गड्ड्याच्या जत्रेत असतोच. तोच आठवडा पूर्ण विश्रांतीचा ठरवावा. दुसरा आठवडा सत्र परीक्षेचा. या वर्षी अभ्यास मागे पडता कामा नये, कारण सामन्यांसाठीचे प्रवास नाहीत आणि सबबही नाही.

दर सहा आठवड्यांनी चार मापे घ्यावीत : वजन, भिंतीशी उभे राहून बोटांना खडू लावून मारलेल्या उडीची उंची, शंभर मुक्त फेकींपैकी आत गेलेल्या, आणि वीस मिनिटांच्या सरावसामन्यात गमावलेले चेंडू. बारा आठवड्यांत चारपैकी एकही माप हलले नाही, तर योजना चुकली आहे असे समजून ती बदलावी, आणि हंगामाचे सामने शिल्लक असतील तर मुलाला सरळ खेळायला उतरवावे. सुरुवातीला ठरवले म्हणून शेवटपर्यंत बसवून ठेवण्यात शहाणपण नाही.

दुखापतीचे वर्ष

गुडघ्यातील पुढच्या अस्थिबंधाची, म्हणजे एसीएलची, शस्त्रक्रिया झाली असेल तर इथे पर्यायाचा प्रश्नच नाही. नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत परतणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचा धोका स्पष्टपणे जास्त असतो. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी दोन्ही पायांची ताकद व एका पायावरची उडी मोजून परवानगी दिल्याशिवाय परतू नये. दुखत नाही हा पुरावा नव्हे. या काळात खुर्चीवर बसून नेम, चेंडू हाताळणे आणि वरच्या अंगाचा व्यायाम चालू ठेवता येतो, आणि सरावाला रोज हजर राहणे तर नक्कीच शक्य असते.

अमेरिकेला जायचे असेल तर

बंगळूरची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून आणि हरसिमरन कौर सॅन दिएगो विद्यापीठाकडून खेळली, त्यामुळे हा मार्ग आता आपल्या मुलामुलींनाही अशक्य वाटत नाही. अशा इच्छुकांनी एक गोष्ट बारावीच्या आधी जाणून घ्यावी : पहिल्या श्रेणीचे पाच वर्षांचे घड्याळ जगातील कोणत्याही महाविद्यालयात पूर्णवेळ प्रवेश घेतल्याच्या दिवसापासून चालू होते. सोलापुरात एक वर्ष ‘तयारीसाठी’ पदवीला प्रवेश घेतला, तर ते वर्ष तिथे मोजले जाते. बारावीनंतर फार काळ संघटित स्पर्धा खेळत राहिल्यासही हंगाम कमी होऊ शकतात. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे नोंदणी करून संबंधित विद्यापीठाच्या नियम-पालन विभागाकडून ईमेलने उत्तर मागवावे, आणि तिथला प्रशिक्षक रेडशर्टचा प्रस्ताव देत असेल तर शिष्यवृत्ती त्या वर्षीही आणि पाचव्या वर्षीही पूर्ण राहील का, हे लिहून घ्यावे.

परतताना

वर्ष संपल्यावर पहिल्याच मोठ्या सामन्यात त्याच्याकडून चाळीस मिनिटांची अपेक्षा करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये किमान सहा सरावसामने खेळवावेत. पहिल्या दोनांत सलग चार-पाच मिनिटेच उतरवावे, दमण्याआधी बाहेर घ्यावे, आणि वर्षभर शिकलेली ती एकच गोष्ट टिकते का, तेवढेच पाहावे. चेंडू हनुवटीखाली आणायला शिकलेला तो मुलगा परतल्यावर पहिल्या सरावसामन्यात दोन वेळा विसरला. तिसऱ्या वेळी चेंडू हातात आल्यावर तो क्षणभर थांबला, कोपरे बाहेर आले, समोरच्या गार्डचा हात रिकामा गेला, आणि मग त्याने शांतपणे पास दिला. तेव्हा त्याचे वजन ६७ किलो होते.